रात्रीच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी दिवा तपासा

तक्रार अशी. दिवसभर कॅमेरा नीट चालतो. अंधार पडला, बाजारात दिवे लागले, की फोटोत आडवे काळपट पट्टे दिसायला लागतात. कधी चार, कधी दोन, कधी एकच जाडजूड, आणि तो नेमका माणसाच्या तोंडावर. त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर लगेच दुसरा फोटो काढला तर पट्टा छातीवर उतरलेला असतो. तिसऱ्यात तो पिवळट झालेला. सकाळी गच्चीवर नेऊन शंभर फोटो काढा, एकातही काही नाही.

जळगावात दुकानाचं शटर खाली ओढलं की माझं दुसरं शटर सुरू होतं. रात्री नऊ ते अकरा, नवी पेठ, बळीराम पेठ, फुले मार्केटच्या आजूबाजूला पायी फिरायचं आणि फोटो काढायचे. दोन वर्षांपूर्वी या पट्ट्यांनी मला इतकं पिडलं की कॅमेरा मी दुसऱ्या शहरात दुरुस्तीला टाकला. तीन आठवडे त्यांनी ठेवून घेतला, तपासणीचे पैसे घेतले आणि चिठ्ठी दिली, 'दोष आढळला नाही.' राग आला, पण चिठ्ठी खरी होती. त्यांनी कॅमेरा खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात तपासला असणार. सूर्याला कुठं पट्टे असतात?

दोष बाजारातल्या दिव्यांत होता, आणि अर्धा माझ्या एका सेटिंगमध्ये. लोक 'कट' आवाज ऐकून वळून बघतात, चेहऱ्यावरचा भाव जातो, म्हणून मी सायलेंट शटर चालू केलं होतं आणि विसरून गेलो होतो.

नेमकं घडतं काय?

आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे आणि परत जातो, आणि दिवा एका फेरीत दोनदा तेजाळतो, दोनदा मंदावतो. सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला हे कळत नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापलेली असायची, वीज क्षणभर कमी झाली तरी तार गरमच, म्हणून उजेड थोडासाच खालीवर व्हायचा. एलईडीला अशी ऊब नाही. प्रवाह थांबला की उजेड थांबला. चांगल्या एलईडीत आत ड्रायव्हर, म्हणजे वीज एलईडीजोगी करणारं सर्किट, असतो, त्यातला कपॅसिटर थोडी वीज साठवून हा खळगा भरून काढतो. लोटगाडीवर टांगलेल्या स्वस्त बल्बमध्ये तो कपॅसिटर नावाला असतो, नाहीतर वाळून गेलेला असतो. या (इलेक्ट्रोलायटिक) जातीच्या कपॅसिटरबद्दल ढोबळ हिशेब असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशी गाठतो, त्यात बल्बची स्वतःची गरमी. खान्देशात एलईडी बल्ब तरुणपणीच म्हातारे होतात ते उगाच नाही.

सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर फोटो एका दमात टिपत नाही. सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांत या वाचनाला १/१५ ते १/६० सेकंद लागतो. माझ्या कॅमेऱ्यात साधारण १/२५ लागतो. तेवढ्या वेळात दिवा चार वेळा मंदावतो. ज्या ओळी मंद क्षणी वाचल्या गेल्या, त्या काळ्या. झाले चार पट्टे.

आधी खात्री करा

पट्टा हा खरंच दिव्यामुळे आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. कॅमेरा उभा धरा. आडवे पट्टे आता उभे झाले, म्हणजे कॅमेऱ्याच्या लांब कडेला धरूनच राहिले, तर ते सेन्सरच्या वाचनातून आलेत. खऱ्या सावल्या कॅमेरा फिरवल्यानं फिरत नाहीत.

दुसरी तपासणी कॅमेऱ्याशिवाय होते. त्या दिव्याखाली पेन्सिल किंवा गाडीची चावी बोटांत धरून जोरात हलवा. दिवा सलग जळत असेल तर धूसर पंखा दिसेल. फडफडत असेल तर एकाच्या पाच-सहा चाव्या सुट्या सुट्या दिसतील. मला हे पहिल्यांदा कळलं ते शेवेच्या गाडीवर. कढईत झाऱ्या फिरवणाऱ्या काकांचा हात मी बघत होतो. झाऱ्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाताना हवेत त्याच्या पाच-सहा प्रती उमटत होत्या, प्रत्येक प्रतीची भोकं मोजता येतील इतक्या स्वच्छ. डोक्यावर दोन एलईडी टांगलेले. तीच भोकं तिथून दहा पावलांवरच्या चुलीच्या उजेडात मोजता आली नसती. फोनच्या स्लो मोशन व्हिडिओतही दिवा उघडमीट करताना दिसतो, पण झाऱ्याची मजा त्यात नाही.

आणि एक. पट्टे फक्त मागच्या स्क्रीनवर पळताना दिसतात, काढलेल्या फोटोत नाहीत, असं असेल तर मेनूत जाऊन ६० हर्ट्झ किंवा एनटीएससी (६० हर्ट्झवाली व्हिडिओ पद्धत) लावलेलं आहे का बघा. अमेरिका किंवा जपानमधून मागवलेल्या कॅमेऱ्यांत बहुधा तेच असतं. ५० हर्ट्झ किंवा पाल (५० हर्ट्झवाली पद्धत) करा. प्रश्न तिथंच मिटला.

पहिला उपाय: १/१००

दिव्याची एक उघडमीट १/१०० सेकंदाची. शटर तेवढाच वेळ उघडं ठेवलं तर प्रत्येक ओळीला एक पूर्ण उघडमीट मिळते. कुणाला सुरुवात मंद क्षणी, कुणाला तेज क्षणी, पण बेरीज सगळ्यांची सारखी. पट्टा नाहीसा. १/५० ला दोन पूर्ण फेऱ्या, १/२५ ला चार, तेही चालतं. १/१२५, १/१६०, १/२०० चालत नाहीत, आणि गंमत म्हणजे कॅमेरा ऑटोवर सोडला की तो नेमके हेच आकडे उचलतो, कारण त्याला दिव्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त हात हलू नये एवढीच काळजी.

म्हणून रात्री ऑटो बंद. शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेळ आपण ठरवायचा, बाकीचं कॅमेरा) १/१०० लावा किंवा मॅन्युअलवर १/१०० आणि एफ २ (लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) ऑटो. दुकानासमोर आयएसओ ८०० ते १६०० मध्ये काम होतं, गल्लीत ३२०० ते ६४०० लागतो. दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार चेहरा चेहराच असतो. बल्ब आणि चकचकीत काच फटफटीत पांढरी पडत असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

फोनवाल्यांनीही हेच करायचं. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५०. नाइट मोड मात्र माणसांसाठी बंद ठेवा. तो एका फोटोऐवजी बरेच फोटो काढून एकमेकांवर बसवतो, त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात. रिकामी गल्ली, देवळाचा कळस, यांच्यासाठी उत्तम. भजी तळणाऱ्या माणसाला तीन हात येतात.

यांत्रिक शटर लावलं तर चालेल का, असं विचारतात. थोडं. त्याचा पडदा सेन्सरवरून साधारण १/२५० सेकंदात जातो, त्यामुळे चार पट्टे येत नाहीत. पण शटर १/५०० वर असेल तर सलग फोटोंत एक उजळ, एक काळा, एक पिवळा असा खेळ चालतो, आणि कधी फोटोचा वरचा भाग एका रंगाचा तर खालचा दुसऱ्या. काही कॅमेऱ्यांत अँटी फ्लिकर नावाचं सेटिंग असतं. कॅननच्या २०१४ च्या ७डी मार्क टू मध्ये ते होतं, आता बऱ्याच कंपन्या देतात. कॅमेरा दिव्याचा तेज क्षण ओळखतो आणि शटर तेव्हाच सोडतो. चांगलं आहे, पण बोट दाबल्यावर अंमळ उशीर होतो, बहुतेक कॅमेऱ्यांत सायलेंट शटरबरोबर चालत नाही, आणि ते १०० व १२० हर्ट्झसाठीच बनवलेलं आहे. हा शेवटचा मुद्दा मला कानबाईच्या सणानं शिकवला.

१/१०० लावूनही पट्टे: माळेचा घोळ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे, खान्देशात, कानबाई देवी बसते. रात्रभर जागरण, रोट, गाणी, दुसऱ्या दिवशी विसर्जन. आमच्या गल्लीतल्या एका घरी मी परवानगी काढून बसलो होतो. आतापर्यंत १/१०० चा मंत्र पाठ झाला होता, म्हणून बिनधास्त फोटो काढत होतो. कानबाईच्या मागं भिंतभर एलईडीची माळ सोडलेली, पुढं समई. गाणाऱ्या बायका माळेकडं पाठ करून अर्धगोलात.

रात्री दीडला घरी येऊन बघतो, तर पट्टे. शटर तपासलं, १/१००. पुन्हा बघितलं, १/१००. डोकं फिरायची वेळ.

मग शांतपणे एक फोटो मोठा करून बघितला. एका आजींचा चेहरा. समईच्या बाजूचा गाल एकदम स्वच्छ, सुरकुतीन् सुरकुती दिसते. दुसऱ्या बाजूला कानामागं, पदराच्या काठावर, माळेचा निळसर उजेड पडलेला, आणि पट्टे फक्त तिथं. गालावर नाहीत. समईची ज्योत हलते, पण ती वाऱ्यानं, सेकंदाला पाच-दहा वेळा, विजेशी तिचा संबंध नाही. म्हणजे गुन्हेगार माळ. आणि दुसरी गोष्ट: बाजारात बल्बखाली माझ्या कॅमेऱ्यात चार पट्टे येत, इथं दोनच, दुप्पट जाड.

पट्टे अर्धे म्हणजे फडफडही अर्धी. १०० नाही, ५०.

सकाळी मंडप-लायटिंगवाल्याला गाठलं. तो माळ गुंडाळत होता. म्हणाला, "भाऊ, या माळेत ड्रायव्हर-बिव्हर काही नसतो. डायरेक्ट लाइनवर. एवढ्या पैशात अजून काय देतील?" झालं. एलईडी प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देतो. मध्ये उलटसुलट प्रवाह सरळ करणारं काही नसेल तर अर्ध्या फेरीत माळ जळते, उरलेल्या अर्ध्या फेरीत साफ बंद. सेकंदाला ५० वेळा. मग १/१०० सेकंदात काही ओळींना नुसती जळती माळ मिळते आणि काहींना नुसती विझलेली. याला १/५० च हवं. त्याच दिवशी विसर्जनाहून परतताना त्याच्याच गाडीवर एक माळ लावून घेतली आणि १/५० वर फोटो काढला. स्वच्छ.

तेव्हापासून नियम: गणपती, कानबाई, लग्नाचा मांडव, जिथं माळा आहेत तिथं थेट १/५०. पट्टे मोजायची सवयही लावून घ्या. आपल्या कॅमेऱ्यात एका साध्या बल्बखाली, शटर १/५०० वर ठेवून, किती पट्टे येतात ते एकदा घरी मोजून ठेवा. बाजारात त्याच्या निम्मे दिसले की समजा माळ. भरमसाट बारीक रेषा दिसल्या तर तो वेगळाच प्राणी: दिवा मंद करायला त्याला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा उघडबंद केलेलं असतं. चार्जिंगचे कंदील, गाड्यांचे मागचे दिवे यांत हे सापडतं. त्याला १/१०० पुरतं, कारण तेवढ्यात त्याच्या भरपूर फेऱ्या होऊन जातात.

भावाचा बोर्ड

हे खास जळगावकरांसाठी. सराफ बाजारात दुकानांवर सोन्याच्या भावाचे लाल आकडे चमकत असतात. त्यांचा फोटो काढून बघा. एक आकडा गायब, दुसऱ्याचा मधला दांडा गायब, आठाचा तीन झालेला. मी असा एक फोटो गटात टाकला तर एका मित्रानं रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, भाव एवढा पडला कधी!

अशा बोर्डांत सगळे आकडे एकाच वेळी जळत नाहीत. एक जळतो, विझतो, मग दुसरा, मग तिसरा, असं इतक्या झपाट्यानं फिरतं की डोळ्याला सगळे एकत्र दिसतात. पळत्या अक्षरांच्या पाट्यांतही ओळी पाळीपाळीनं जळतात. प्रत्येक बोर्डाचा वेग वेगळा, म्हणून इथं १/१०० ची हमी नाही. १/५० ला बहुतेक सुधारतात, १/३० ला जवळजवळ सगळे. बोर्ड नीट हवा की बोर्डाखालचा माणूस नीट हवा, हे मात्र ठरवावं लागतं. मी माणूस घेतो. भाव उद्या बदलणारच आहे.

मग माणसं हलतात, त्याचं काय?

पट्ट्यांचा इलाज केला की लगेच ही दुसरी तक्रार येते. साहजिक आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर जातो. १/१०० सेकंदात १.३ सेंटिमीटर, १/५० मध्ये २.६. तीन मीटरवरून ३५ मिमी लेन्सनं फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर), ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो काढला तर १.३ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २५ पिक्सेल. पाय धूसर येतील, चेहरा कडेकडेनं. १/५० ला चेहराही गेला.

वेग वाढवायची सोय नाही, तर माणसाचा थांबलेला क्षण पकडायचा. बाजारात प्रत्येक कामाला असा एक थांबा असतो. चहावाला किटली उंच नेतो, तिथं हात क्षणभर अडतो. भाजीवाली तराजूचा काटा बघताना मान स्थिर करते. पैसे मोजणारा शेवटच्या नोटेवर थबकतो. दोन-तीन फेऱ्या नुसतं बघा, कॅमेरा खालीच. लय कळली की चौथ्या फेरीला फोटो. शिवाय समोरून तुमच्याकडं येणारा माणूस आडव्या जाणाऱ्यापेक्षा किती तरी कमी पुसला जातो.

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून रामाचा रथ निघतो, तो माझा या बाबतीतला गुरू. लोक दोर ओढतात, आणि चाकाखाली लाकडी मोगरी घालणारे चाकाला चिकटून चालतात. रथ वळवायचा किंवा थांबवायचा तो मोगरीनं. मोगरी घालतानाचा फोटो मी तीन वर्षं घेत होतो आणि तीन वर्षं हात नुसता पांढरा फराटा. कारण मी मोगरी फेकली जात असताना शटर दाबत होतो. चौथ्या वर्षी कळलं की मोगरी चाकाखाली चेपली गेली की चाक, मोगरी आणि वाकलेला माणूस तिघंही पाव सेकंद एकदम गप्प होतात. कर्र असा आवाज येतो. आवाज ऐकायचा आणि दाबायचं. १/५० वर, माळांच्या उजेडात, माणसाच्या मनगटावरची शीर दिसते.

फोकसचंही इथंच सांगतो. अंधारात ऑटोफोकस मागंपुढं चाचपडत राहतो. ३५ मिमी, एफ २, फोकस तीन मीटरवर पक्का केला तर फुल फ्रेमवर अंदाजे २.६ ते ३.५ मीटरपर्यंतचं नीट येतं. म्हणजे साडेचार पावलांचं अंतर डोळ्यात बसवायचं आणि माणूस तिथं आला की दाबायचं. फोनला ही कटकट नाही, त्याचा सेन्सर एवढासा की सगळंच नीट.

फ्लॅश? नको. एक तर समोरच्याच्या डोळ्यावर कडकड वीज पडते, आणि बाजाराचा उजेडच मरतो. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) घराबाहेर जवळपास न पडता टेबलावर वस्तू मांडून अख्खं जग उभं करायचे. त्यांच्याकडं उजेड त्यांच्या मुठीत होता. रस्त्यावर उजेड भजीवाल्याच्या मुठीत असतो. त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

विचारल्याशिवाय फोटो काढू नका, हेही दुरुस्तीतच धरा, कारण चोरून काढलेल्या फोटोत हात घाईत असतो आणि फोटो हलतो. "जिभाऊ, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. नाही म्हणाले तर पुढं चला. फुले मार्केटबाहेर लसूण विकणाऱ्या आजीनं मलाच विचारलं होतं, "मना फोटू काढी राहिना का रे भाऊ?" मी हो म्हणताच तिनं आधी लसणाचं टोपलं पुढं सरकवलं, मग पदर. सायलेंट शटरची गरजच पडली नाही. तेव्हापासून ते बंद आहे.

बाकीच्या छोट्या तक्रारी

फोटोत बल्बांच्या उलट्या बाजूला हिरवे ठिपके तरंगत असतील तर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. काचेला लागून दुसरी काच, उजेड मध्ये उड्या मारतो. फोनवर सगळ्या दिव्यांना तुरे फुटत असतील तर लेन्सवर शेवेचं तेल आहे, रुमालानं पुसा. हिवाळ्यात धुळ्याकडं पारा एक आकडी होतो. थंडीतून एकदम भरिताच्या वाफाळत्या मांडवात शिरलात तर काच धुक्यानं भरेल. पुसत बसू नका, थोडा वेळ कॅमेरा पिशवीत ठेवा.

रंगाची तक्रार मोठी वाटते, आहे छोटी. २०१५ साली केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गावोगावी पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. जिथं सोडियम अजून आहेत तिथं व्हाइट बॅलन्सशी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याशी) झटू नका. त्या दिव्यात निळा-हिरवा रंग जवळपास नसतोच, नसलेला रंग कॅमेरा कुठून आणणार? सरळ कृष्णधवल करा. उलट चूल आणि एलईडी एकत्र असतील तर रंग दुरुस्तच करू नका. खापरावर मांडे टाकणाऱ्या बाईचा एक गाल जाळानं तांबडा आणि दुसरा बल्बानं निळसर, यात चूक काहीच नाही. तिथं तसंच होतं.

जनरेटरवरची जत्रा

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. रात्री तंबूंच्या बाहेर जनरेटरवर दिवे. इथं १/१०० ही फसलं, १/५० ही थोडं फसलं. पट्टे फिके, पण काळ्या घोड्याच्या तुळतुळीत पाठीवर लपत नाहीत. जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५० वर ठाम राहत नाही. लोड वाढला की इंजिन दबतं, ४८-४९ वर येतं, कुणी हिटर बंद केला की उसळतं. आपलं शटर मग फेरीपेक्षा किंचित आखूड किंवा लांब पडतं आणि तेवढा फिका पट्टा उरतो. काही नव्या कॅमेऱ्यांत शटर दशांशात फिरवता येतं, १/९७.३ असं, स्क्रीनवर पट्टा नाहीसा होईपर्यंत. माझ्यात ते नाही. मी घोडेवाल्याच्या शेकोटीकडं सरकलो. आगीला फ्रिक्वेन्सी नसते. शटर १/८०, आयएसओ ६४००, आणि घोड्याच्या डोळ्यात ठिणग्या.

पट्टे पडलेले जुने फोटो

एवढं सगळं कळेपर्यंत माझ्याकडं पट्ट्यांचे सातशेच्या वर फोटो साठले होते. ते वाचतात का? थोडे. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) असेल तर संपादनात प्रत्येक पट्ट्यावर आडवा ग्रेडियंट (कडेला हळूहळू फिका होणारा थर) लावून उजेड उचलायचा आणि रंग ओढायचा. पट्ट्याची कड मऊ असते, म्हणून ग्रेडियंटही मऊ. आधी कृष्णधवल करून घेतलं तर निम्मं काम कमी होतं, कारण पट्ट्याचा पिवळेपणा जातो आणि फक्त काळेपणा उरतो. चार पट्ट्यांच्या एका फोटोला मला पाऊण तास लागला. जेपीजी असेल तर उचललेल्या भागात रंगाच्या पायऱ्या पडतात, नादी लागू नका. सातशेतून मी अकरा वाचवले. झाऱ्यावाल्या काकांचा त्यात आहे, त्यांच्या कपाळावर अजून एक फिकी रेघ आहे. प्रिंट दिली तेव्हा त्यांनी ती बोटानं पुसून बघितली.